वतफाच्या नावाची तोटी

हॉटेलात मुतलकचं काम एकच, पायऱ्या वाढवायच्या. मृत समुद्र दरवर्षी कमरेइतका खाली उतरतो. तो उतरला की मुतलकने त्याच्यामागे आणखी चार-पाच पायऱ्या बांधायच्या. तेवीस वर्षं तो असा समुद्राच्या मागे लागलेला. गावातली माणसं म्हणत, "फिज्जाच्या बापा, इतकं मागे लागलं तर रुसलेली बायकोसुद्धा माघारी येते." तो हसायचा. त्याची वतफा जिथे गेली होती तिथून माघारी कोणी येत नाही.

तिच्या नावाने त्याने किनाऱ्यावर गोड्या पाण्याची तोटी बसवली होती. मेलेल्या माणसासाठी पाण्याहून मोठं दान नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पाहुणे येऊन चूळ भरत, अंगाला फासलेला समुद्राचा काळा चिखल धूत, आणि पुण्य वतफाला पोचे. समुद्र हटेल तसा मुतलक नळ लांबवून तोटी खाली नेत राहिला.

यंदा ईदच्या आधी तोटीखाली डबकं साचेनासं झालं. कितीही पाणी सोडा, जमीन गट्ट करी. पहार आपटली तर मडक्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला. भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, त्याने जमिनीला कान लावला. खाली कोणीतरी भांडी विसळत होतं. अगदी वतफासारखं, सावकाश. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि डोळेही भरले. तिला पाणी पोचतंय, असं त्याने मनाशी धरलं, आणि तोटी आणखी मोकळी सोडली. मग रोजच तो तिथे जाऊन बसू लागला.

लेक फिज्जा त्याच हॉटेलात पाण्याविजेच्या नासाडीवर नजर ठेवायच्या कामाला होती. तिने बापाला तसं पालथं पडलेलं पाहिलं आणि समजावलं: या जमिनीच्या पोटात मिठाचे थर आहेत, समुद्र हटल्यावर गोडं पाणी त्यांना विरघळवतं, आणि वर नुसती साल उरते. दोन दिवस तो तोटीपाशीच जाऊन बसत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या आईचं पुण्य मी माझ्या हाताने बंद करू?"

"यबा, शुक्रवारी ईदला इथे दोनशे माणसं उतरतील. पोरंबाळं असतील. आईला चालेल का ते?"

त्या दुपारी तो उत्तर ऐकायलाच गेला. खाली शांत होतं. मग हातभर अंतरावरची प्लास्टिकची खुर्ची जागच्या जागी खाली गेली. आवाज नाही, धूळ नाही. विहिरीसारखं गोल भोक उरलं, आणि तोटीचं पाणी त्यात पडत होतं; तळाला लागल्याचं काही ऐकू येईना. अल्लाहचं नाव घेत मुतलक पोटावर सरपटत मागे आला, वर चढला आणि स्वतःच्या हाताने नळाची चावी आवळली. मॅनेजर कुरकुरला, ईदचे पाहुणे काय म्हणतील म्हणाला. मुतलकने वरच्या पायरीवर दोर बांधला आणि सांगितलं, पायऱ्या मी बांधल्यात, खाली कोणी जायचं नाही.

ईदला पाहुणे दोरामागे उभे होते, कोणी रागावून, कोणी फोटो काढत. खालची पायरी गेली. थोड्या वेळाने तिच्यावरची. पाण्यात साखर विरावी तशा, एकेक, वरच्या दिशेने. फोटो काढणारेही मागे सरले. फिज्जाने बापाचा हात धरला. दुपारच्या अजानपर्यंत सात गेल्या. एकीवरही माणूस नव्हतं.

मुतलकने तिथेच चटई अंथरली आणि वतफाच्या नावाने हात पसरले. आठवी पायरी अजून उभी होती.