तिचा उजवा खांदा

“अजून थोडं,” ती म्हणायची. मी तिचा हात जेमतेम छातीपर्यंत उचललेला असायचा, तिच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि तरी हेच. दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये दोनदा हात वर केला की “खलास, खलास!” म्हणणारे धट्टेकट्टे पुरुष मी रोज बघते. तुम्ही तिथे असता, तर तिच्याकडेच बघत राहिला असता.

ती युक्रेनची, युद्धात स्नायपर. खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा घुसला, म्हणून उपचारांसाठी इथल्या बहिणीकडे आलेली. बंदुकीचा दस्ता टेकवायचा, नेमका तोच खांदा. हात बरा झाला की परत जायचं, हे तिचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. म्हणजे मी जितकं चांगलं काम करणार, तितकी ती लवकर जाणार!

मला वाटायचं, काय थरारक आयुष्य असेल. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, “बहुतेक वेळ पालथं पडून राहायचं. तुमच्या पेशंटसारखं.” मग जरा थांबून, “आमचे लोक जखमींना आणायला पुढे जातात. त्यांच्यावर कोण नेम धरतंय, ते मी बघते.”

किती माणसं मारलीस, असं एकदा रिसेप्शनवरच्या मुलीने तिला विचारलं. त्या दिवशी तिने “अजून थोडं” म्हटलं नाही.

बोटांना व्यायाम म्हणून मी तिला संकष्टीला घरी मोदक करायला बोलावू लागले. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई शिकवायला. सुरुवातीला सगळ्या पाऱ्या फाटल्या. प्रत्येक कळी काढण्याआधी ती हळूच श्वास सोडायची, नेम धरताना सोडतात तसा. “हिला विचार गं, मोदक करतेय की प्राणायाम?” सासूबाई म्हणायच्या.

थंडीतल्या संकष्टीला त्यांनी तिचा मोदक सगळ्यांना दाखवला. “सूनबाई, तुझ्यापेक्षा बारीक कळ्या आहेत हिच्या!” सगळे हसले. मी तिच्या कोपराकडे बघत होते. टेबलाचा आधार नव्हता, आणि हात जरासुद्धा थरथरत नव्हता. मला हसू येईना.

सासूबाईंनाही कळलं असावं. “एवढी गुणाची पोर, कशाला जातेस गं? राहा की इथेच.” मी ते तिला इंग्रजीत सांगितलं.

“तिथे माझ्या जागी जी आहे,” ती म्हणाली, “ती फार थकलीय.”

शेवटच्या तपासणीला तिने हात सरळ डोक्यावर नेला आणि विचारलं, “झालं?” आणखी दोन महिने लागतील, हे खोटं अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिच्याशी खोटं बोलवेना.

“झालं,” मी म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी मला मिठी मारली. उजव्या हाताची पकड इतकी घट्ट होती, की मला रडूच फुटलं.