अल्लीपूरचं एकच गिऱ्हाईक

"कोन्ता सवाल सुटनार ते आधी सांगा, मंग मशीन घेऊ." चष्मा कपाळावर सरकवून भाऊ हे म्हणाला, की समोरचा विक्रेता गडबडलाच समजा.

आमच्या कंपनीची बियाणं आणि फवारणी पंपांची दुकानं आहेत. देवळी, अल्लीपूर अशी गावोगाव. वर्ध्याच्या ऑफिसात भाऊ कॉम्प्युटर सांभाळायचा, मी हिशेब. शेठजींच्या मनात आलं, आपणही डेटा वेअरहाउस घ्यायचं. म्हणजे सगळ्या दुकानांची विक्री एका जागी जमा करायची आणि हवं ते विचारायचं. त्यांचा जीव सगळ्यात महागड्यावर. "एक गाय बांधाले हत्तीखाना काऊन पायजे, शेठजी?" भाऊ तोंडावर म्हणाला आणि वापरू तेवढंच भाडं लागेल असं घ्यायला लावलं. असा फटकळ माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याच्यावर चिडतो आणि अडलं की त्यालाच फोन करतो.

पहिल्याच अहवालात अल्लीपूरचं दुकान तळाला. विक्री बरी, पण जवळजवळ सगळी एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर. "एका माणसाच्या भरवशावर दुकान चालवायचं का?" म्हणत शेठजींनी ते बंद करायचं ठरवलं. तिथल्या काउंटरवर एक ताई होत्या. त्यांचं घर त्याच पगारावर चालायचं.

भाऊ मला स्कूटरवर घालून अल्लीपूरला घेऊन गेला. मशीन मोबाईल नंबरावरून माणूस ओळखायचं, आणि तिथं जाऊन पाहिलं तर बहुतेक बिलांवर ताईंचाच नंबर होता.

"भाजीवाल्या बाया बियानं न्याले येतात, त्याईच्याजवळ मोबाईल नाई. नंबराबिगर बिल निघत नाई, मंग मी माहाच टाकते," ताई घाबरून म्हणाल्या. "चुकलं का, भाऊ?"

"चुकलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "पन माह्यं. मी मशीनले इचारलं, तुमाले नाई इचारलं."

दिवसभर ताईंशेजारी बसून त्यानं एकेक बाई नंबराऐवजी नावानं वेगळी नोंदवली. नव्या अहवालात अल्लीपूरची गिऱ्हाईकं भरपूर निघाली. शेठजींनी दुकान चालू ठेवलं.

पुढे मुलीच्या शिक्षणासाठी भाऊ पुण्याला निघाला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्याला सोडायला स्टँडवर गेलो, तर ताई अल्लीपूरहून पिशवी घेऊन आलेल्या.

"सगळ्या बायाईनं एक-एक देल्लं, भाऊ."

एक वांगं, एक लिंबू, मूठभर शेंगा, कोथिंबिरीची बारकी जुडी. कुणी काय दिलं ते ताई नावानिशी सांगत होत्या.

कंडक्टरनं पिशवी वर ठेवायला सांगितली. भाऊनं ऐकलं नाही. बस हलली तेव्हा ती त्याच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली.