जाऊन आलेल्यानं बोलायचं नाही

किस्से कोणी सांभाळून ठेवत नाही. ते आपोआप साठतात, आणि मग कोणी "तुमच्या त्या वाचनाच्या ग्रुपमध्ये तुम्ही करता तरी काय?" असं विचारून बसला की सगळे एकदम बाहेर पडायला लागतात. परवा माझ्या भाच्यानं विचारलं. बिचारा उभ्या उभ्या भेटायला आला होता, जेवूनच गेला!

तर आमचा ग्रुप म्हणजे जबलपूरला, मदन महल भागात शोभाताईंच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जमणारी सहा-सात डोकी. दिवसभर बाहेर हिंदी, घरात आलं की मराठी, आणि भांडताना दोन्ही! पुस्तक असं निवडायचं की त्यातलं गाव डोळ्यांपुढं उभं राहिलं पाहिजे. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी तिथं जायचं. त्यामुळं "या रविवारी काय वाचणार?" असं आमच्यात कोणी विचारत नाही. "या रविवारी कुठं चाललो?" असं विचारतात. मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर काठी फिरवून पोरांना सगळं जग दाखवलं आणि स्वतः पचमढीच्या पुढं फारशी गेले नाही. मला हा प्रवास फार मानवतो. ना रिझर्वेशन, ना बॅगा, ना बाहेरच्या पाण्यानं पोट बिघडणं!

*

गेल्या मे महिन्यात आम्ही हिमालयात गेलो. जबलपूरचा मे, बाप्पा! बाहेर लूच्या गरम झळा चालून राहिल्या होत्या, हॉलमध्ये कूलर फुल स्पीडवर. शोभाताई वाचत होत्या. त्यांचा आवाज असा की लग्नपत्रिका वाचली तरी माणूस ऐकत बसेल. पुस्तकातला म्हातारा बर्फाच्या वादळात अडकला होता.

आमच्यात सगळ्यात मोठ्या विमलकाकू. त्या घरून थैलीत स्वेटर घेऊन आल्या होत्या. आम्ही खूप हसलो. पण वादळ वाढत गेलं तसा काकूंनी स्वेटर चढवला. थोड्या वेळानं मी पदर कानांवरून घेतला. मग शोभाताई पुस्तक हातात धरूनच उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला.

आमचा निलेश डिफेन्स फॅक्टरीत आहे. माझा जुना विद्यार्थी. मराठी सगळी समजते, बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाते. तो घाबरून म्हणाला, "आंटी, कूलर काहून बंद केला?"

"काहून म्हणजे? थंडी वाजून राहिली ना!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घामानं निथळलो आहोत हे चहाच्या वेळी कळलं.

*

आता आमच्या एकुलत्या एक नियमाबद्दल.

विमलकाकूंचे यजमान, म्हणजे आमचे काका, रेल्वेत पूल तपासायचे. जन्मभर दौऱ्यावर. आसाम म्हणा, केरळ म्हणा, काश्मीर म्हणा, काकांचा पाय लागला नाही असा कोपरा नाही. असा माणूस ग्रुपमध्ये असणं म्हणजे केवढं भाग्य, असं वाटलं ना तुम्हाला? आम्हालाही वाटलं होतं.

पूर्वेकडच्या एका डोंगराळ गावाची कादंबरी चालू होती. धुकं. नायिका छोट्या स्टेशनवर एकटी उतरली आहे, खाली नदीचा आवाज येतो आहे, आमचे श्वास रोखलेले. आणि काका म्हणाले, "त्या नदीवरचा पूल आता नवा केला. जुन्याचे खांब कमजोर होते."

शोभाताईंनी ऐकलं न ऐकलं केलं. पुढच्या पानावर नायक पावसात भिजत, पूल ओलांडत तिच्याकडे निघाला.

"त्या पुलावर पायी जाता येत नाही," काका म्हणाले.

शोभाताईंनी चष्मा काढला. "काका! तो तिला भेटायला जाऊन राहिला आहे!"

"जाऊ द्या ना. मी कुठं अडवतो? पण तिथं नोटीस लावलेली आहे."

त्याच दिवशी नियम झाला. जाऊन आलेल्यानं बोलायचं नाही. ज्यानं ते गाव खरोखर पाहिलंय त्यानं खिडकीजवळच्या दिवाणावर बसायचं, तोंड बंद ठेवून. न गेलेल्यांनी खाली सतरंजीवर. तेव्हापासून काका कायमचे दिवाणावर आणि विमलकाकू कायमच्या सतरंजीवर. कारण काका सगळीकडे जाऊन आले होते, आणि काकू कुठंच गेल्या नव्हत्या.

*

का गेल्या नव्हत्या, हे मी एकदा विचारलं होतं. आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मग मुलाच्या परीक्षा, मग गुडघे. नेहमीचंच. पण पुस्तकांचा नाद कसा लागला हे त्यांनी जे सांगितलं ते ऐका.

"हे केरळहून आले की मी दारातच विचारायची, कसं होतं हो? हे म्हणायचे, पूल चांगला आहे. काश्मीरहून आले. कसं होतं? पूल जरा जुना आहे. अगं मालती, किती वर्षं मी पूलच ऐकले! मग म्हटलं, आपणच बघावं काय आहे ते. आणि लायब्ररीत नाव घातलं."

काका शेजारीच पेपर वाचत होते. पेपरामागून म्हणाले, "आता जे चांगलं होतं ते सांगायचं नाही काय!"

*

काकूंचं बोलणं मात्र एकदा ऐकाच. वाचणारा थांबला की त्या सुरू होतात. पुस्तकात चूल म्हटलं असेल तर काकू त्या चुलीत कुठली लाकडं आहेत ते सांगतील.

एकदा शोभाताईंकडे कोचीला राहणारे पाहुणे आले होते. आम्ही तेव्हा केरळात होतो. काकू होडीतून निघाल्या, तो पाण्याचा वास, दोन्हीकडे वाकलेले माड, घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या गप्पा. पाहुणे ऐकता ऐकता पुढं सरकून बसले. शेवटी म्हणाले, "काकू, इतकी वर्षं तिथं राहून मला हे दिसलं नाही. तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरला होतात?"

"मी? शहपुरा माझं माहेर, जबलपूर सासर. मधे एकदा नागपूर झालं, भाचीच्या लग्नाला. कार्यालयातच उतरलो होतो!"

सगळे हसले, काकूही हसल्या. पण निघताना माझ्याबरोबर शोभाताईंच्या फाटकापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "समुद्र तेवढा एकदा खरा पाहायचा होता गं." मला फार वाईट वाटलं. मी उगाच फाटकाची कडी नीट लावत बसले.

*

या निलेशचंही ऐकून घ्या. ज्या गावाला जायचं तिथलं काहीतरी खायला आणायचं अशी आमच्याकडे पद्धत आहे. निलेश दर खेपेला इथल्याच गोहलपुरातून एकच वस्तू आणायचा, जबलपूरची खास खोव्याची जलेबी. बंगाल असो की राजस्थान, डबा उघडला की जलेबी!

"अरे, केरळात खोव्याची जलेबी?"

"मिळत असेल ना मॅडमजी! इतना बड़ा स्टेट है!"

आणि मग एकदा खरोखरच जबलपूरची कादंबरी हाती लागली. नर्मदेवरचा ग्वारीघाट, भेडाघाट, आपल्या गल्ल्या, सगळं त्यात. काकू तेव्हा शहपुऱ्याला भावाकडे होत्या. आम्ही उत्साहानं जमलो आणि लक्षात आलं, जाऊन आलेल्यानं बोलायचं नाही! सगळ्यांना दिवाण. दिवाण पुरेना, म्हणून आतून खुर्च्या आणल्या. सतरंजीवर एकटी शोभाताईंची नवी सून ऋचा. नाशिकची. लग्न होऊन आठवडा झाला असेल, सत्यनारायणाखेरीज बिचारीनं काही पाहिलं नव्हतं.

तीच वाचायची, तीच बोलायची. आम्ही पुतळे! "आई, भेडाघाटला होडीवाले इतकं खोटं बोलतात?" कोणी उत्तर देईना. "ग्वारीघाटला संध्याकाळी इतके दिवे असतात?" निलेशनं तोंडात रुमाल कोंबला. आपल्याच गावाबद्दल गप्प बसायला किती जोर लागतो, हे ज्याचं त्यालाच कळलं. पण एक सांगते. त्या पोरीच्या तोंडून आमचा ग्वारीघाट ऐकल्यावर मला तो आठवडाभर तरी नवा वाटला.

शेवटी खायची वेळ झाली. म्हटलं, आज तरी जलेबी बरोबर गावाला आली! निलेशनं डबा उघडला. इडल्या.

"काहून रे?"

"मॅडमजी, रोज-रोज जलेबी... म्हटलं आज कुछ बाहर का!"

*

गेल्या हिवाळ्यात आम्ही कोकणात निघालो. एका मुलीची गोष्ट, डोंगरावरच्या खेड्यातून पहिल्यांदा समुद्राकडे चाललेली. आणि नेमका तेव्हाच काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. आईबाबांची कोकणची तिकिटं काढली आहेत, समुद्रासमोरची खोली, नाही म्हणायचं नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या. निलेशनं तर "काकू की जय!" केलं.

काकूंनी सतरंजीचा दोरा ओढला आणि म्हणाल्या, "मी नाही जाऊन राहिले."

दुसऱ्या दिवशी मी तडक त्यांच्या घरी. मला रागच आला होता. "गुडघ्यांचं सांगू नका हं काकू! मुलगा व्हीलचेअरसुद्धा बघून ठेवतो म्हणाला. जन्मभर समुद्र-समुद्र केलंत, आणि आता तो दारात आला तर दार लावता?"

"मग मला दिवाणावर बसावं लागेल."

"एवढंच ना? नियम बदलू!"

"बरं! यांच्यासाठी केला आणि माझ्यासाठी काहून मोडायचा?" काकू चिडल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते नाही गं मालती. माझ्याजवळ समुद्र आहे. चांगला मोठा आहे. आता समजा मी तिथं गेले, आणि मलाही नुसता पूलच दिसला तर? मग हातचाही गेला ना!"

मी पडले भूगोलाची मास्तरीण. समुद्राची खोली विचारली असती तर सांगितली असती.

काका आतून चहाचा ट्रे घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ट्रे ठेवला, कप सरळ केले, आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "तू चल. मी तिथं एकाही पुलाकडे बघणार नाही."

काकूंनी कप हातात घेतला. "रस्त्यात लागला तर?"

"डोळे मिटून घेईन."

आणि काकू गेल्या.

*

त्या परत येईपर्यंत आम्ही पुस्तक पुढं नेलं नाही. मुलगी शेवटच्या चढावर उभी होती, पलीकडे समुद्र. तिला आम्ही तिथंच थांबवून ठेवलं. पण आमचा जीव टांगणीला! कोकणातून ना फोन, ना फोटो. शोभाताई म्हणाल्या, "नक्की काही आवडलं नाही. आपणच त्यांना ढकललं." मला रात्रंदिवस तेच. आपण आग्रह केला, आणि काकूंचा समुद्र गेला असला तर?

रविवारी दोघं आले. काकू जरा काळवंडल्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना. सतरंजीवर त्यांची जागा आम्ही मोकळी ठेवली होती, लोडही ठेवला होता. निलेश म्हणाला, "काकू, आओ ना, इथं बसा. नियम-वियम कुछ नहीं."

काकू त्याच्या शेजारून सरळ खिडकीजवळ गेल्या आणि दिवाणावर बसल्या. काका थोडे सरकले. इतक्या वर्षांत त्या दिवाणावर काकांच्या शेजारी त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. दोघंही नीट समोर बघत, हात मांडीवर ठेवून, वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखे.

ऋचा वाचू लागली. मुलगी चढ चढून आली. समुद्र दिसला. ती धावत खाली गेली. मी पुस्तक ऐकतच नव्हते, मी काकूंकडे बघत होते. त्या हूं की चूं करत नव्हत्या. वाक्यामागून वाक्य गेलं, जिथं जिथं त्या एरवी बोलल्या असत्या तिथं तिथं ऋचा थांबायची आणि पुन्हा वाचायला लागायची.

ऋचानं पान उलटलं. मुलगी पाण्यात उभी राहिली. लाट आली, आणि परत जाताना तिच्या पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली.

दिवाणावर काकांचा हात झटकन उठला आणि त्यांनी काकूंचं कोपर घट्ट धरलं.

काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. आणि मग दोघं जे हसत सुटले! काकूंनी पदर तोंडात घेतला, डोळ्यांतून पाणी, खांदे गदगदून राहिले. काका म्हणजे आमचे पूलवाले काका, त्यांना खोकला लागेपर्यंत हसू. थांबले की एकमेकांकडे बघायचे, की पुन्हा सुरू!

"अहो काय झालं? सांगा ना!" शोभाताई ओरडल्या. नियम त्यांनीच केलेला. "आज माफ! बोला!"

"काकू, प्लीज!" मी म्हटलं. "काय झालं तिथं?"

काकूंनी डोळे पुसले. कोपर काकांनी अजून सोडलेलं नव्हतं, काकूंनीही ते सोडवून घेतलं नाही.

"जाऊन आलेल्यानं बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. "ऋचा, पुढं वाच."