फितीखालून

कापड दुकानदाराला गावच्या विकासाची खबर वर्तमानपत्राच्या आधी लागते. लाल सॅटिनची फीत न्यायला कोणी आलं की समजायचं, कशाचं तरी उद्घाटन आहे. पाटोद्यात गादीवर बसून मी अशा कितीतरी फिती मोजून दिल्या. हातपंपाची दिली, वाचनालयाची दिली (तिथे पुस्तकं अजून यायची आहेत), एकदा मुतारीचीही दिली. गिऱ्हाईक नसताना मी वाचत बसतो. पण कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही इतकं मला त्या फितींनी शिकवलं.

त्या हिवाळ्यात कॅन्सर तपासणी शिबिराच्या समितीचे चिटणीस दोन मीटर फीत न्यायला आले, तेव्हा मात्र मला गंमत वाटली नाही. आठच दिवस आधी बायको न्हाणीतून बाहेर आली होती आणि केस पुसत पुसत, भाजीत मीठ कमी पडलंय अशा आवाजात म्हणाली होती, "डाव्या अंगाला गाठ लागतीय हाताला. हरभऱ्याएवढी. दुखत न्हाई."

मी घाबरलो आणि घाबरलेला शिकलेला माणूस जे करतो ते केलं. रात्रभर मोबाईलवर वाचलं. सकाळी म्हणालो, पुण्याला जाऊ, चांगल्या दवाखान्यात दाखवू.

"कावून? गावात गाडी येतीय की तपासायची."

"तिथे सगळं गाव असेल."

"मग बरंच हाय. सगळ्या गावालाच तपासायचंय न्हवं?"

माझे चुलते, घरात त्यांना सगळे अप्पा म्हणतात, दुपारी मुद्दाम घरी आले. कपाळावर विभूती, हातात काठी, चेहऱ्यावर काळजी. काळजी खरी होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते म्हणाले, "सूनबाई, पुण्याला जा, मुंबईला जा. पण लायनीत उभं राहू नका. लेक लग्नाची हाय आपली. उद्या सोयरीक घेऊन कोण येईल?"

बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "अप्पा, मी चोरी केली का कुणाची? गाठ हाय. गाठीला काय तोंड लपवायचं?"

आता तिचं सगळं आयुष्य त्या गाठीवर ठरणार होतं, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं. पण ती घाबरली तर मिरच्या निवडायला बसते. त्या आठवड्यात आमच्या घरात पुढच्या दोन वर्षांच्या मिरच्या निवडून झाल्या.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव पडला. फलकावर अकरा पुरुष हात जोडून हसत होते. 'स्तन' हा शब्द चारचौघांत बरा दिसत नाही म्हणून समितीने आधीच खोडून तिथे 'महिलांचे विशेष आजार' असं घातलं होतं. 'कॅन्सर' होता, पण कोपऱ्यात, प्रमुख पाहुण्यांच्या जाकिटाखाली. तपासणी करणारी संस्था बाहेरगावची. या थाटाशी तिचा संबंध एवढाच की गाडी तिची, यंत्र तिचं, डॉक्टर तिची आणि काम तिचं.

गाडी मोठी, पांढरी, बसएवढी. मागच्या दाराला तीन पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या दोन्ही कठड्यांना आडवी बांधलेली माझी फीत.

वेळ दहाची होती. साडेनऊपासून बायका रांगेत होत्या. बऱ्याचशा आसपासच्या वस्त्यांवरून आलेल्या, कामाचा दिवस मोडून. बायको रांगेत सातवी. मी समितीत होतो, कारण व्यापारी मंडळाने सतरंज्या दिल्या होत्या, म्हणून मला मांडवात खुर्ची होती. मी त्या खुर्चीवर बसलो नाही. एवढाच माझा बाणेदारपणा, त्या वेळेपर्यंतचा.

अकरा वाजले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. चिटणीसांनी लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं, "साहेब निघालेत."

बारा वाजता कळलं, साहेब तेलगावहून, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, निघालेत. तिथे एक लग्न होतं. ज्याला आमच्या जिल्ह्याचे रस्ते माहीत आहेत त्याला पुढचं सांगायला नको.

गाडीतली सिस्टर दारात उभी राहून चिटणीसांना म्हणाली, "दादा, एकेका बाईला वेळ लागतो. उद्या आमची गाडी कड्याच्या शिबिराला. आज राहिलेल्या बायका राहूनच जातील. सुरू करू का?"

"असं कसं, मॅडम? उद्घाटन नको का व्हायला?"

"उद्घाटन नंतर करा ना."

"नंतर उद्घाटन असतं का कुठं?" चिटणीस मनापासून दुखावले गेले.

रांगेत कुजबुज सुरू झाली. साडेतीनची एस्टी गेली की काहींना परत जायला साधन नव्हतं. दोघी-तिघी उठून चालू लागल्या. मी बायकोकडे बघत होतो. ती त्या जाणाऱ्या बायकांकडे बघत होती. तिच्यापुढे एक म्हातारी होती, नऊवारीचा काष्टा, हातात कापडी पिशवी. ती मोठ्यांदा म्हणाली, "आवं, कात्री न्हाई का तुमच्याकडं? मी कापू का? आयुष्यभर गवत कापलंय."

सगळ्या हसल्या. चिटणीसही हसले, म्हणाले, "मावशी, मान असतो एकेकाचा."

"त्यांचा मान ऱ्हाऊ द्या जागेवर," असं म्हणून माझी बायको रांगेतून निघाली. पुढच्या सहाजणींनी तिला वाट दिली. पायऱ्यांपाशी जाऊन तिने पदर खोचला, वाकली आणि फितीखालून पलीकडे गेली.

"वहिनी! आवं, फीत!" चिटणीस ओरडले.

"फितीला हात न्हाई लावला मी," ती पायरीवरून म्हणाली. "हाय तशी हाय. बघून घ्या."

आणि आत गेली. सिस्टरने दार लावलं.

मग ती म्हातारी म्हणाली, "गोठ्यात वाकून जातो, हितं काय झालं?" आणि पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागे आख्खी रांग पुढे सरकली.

चिटणीस माझ्याकडे आले. "मालक, तुमी तरी समजवा की. लई वाईट दिसंल."

मी त्यांना काही समजावलं नाही. पायऱ्यांपाशी गेलो. म्हातारी बोलायला बोलली, पण तिचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून दोन बोटांनी फीत वर उचलून धरली. सॅटिन ताणलं तर तुटत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. त्या दिवशी दोन-अडीच तास मी हेच काम केलं. आयुष्यात केलेली एवढीच समाजसेवा माझ्या खात्यावर आहे आणि मला ती पुरते.

बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वाचता येत नव्हता. म्हणाली, "सुई लावून बघायला लागंल म्हणतात. परवा नगरला बोलवलंय. डॉक्टरीण चांगली हाय. खोटं बोलली न्हाई."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "घरी जातेस का?"

"घरी काय करू? मिरच्या संपल्या." ती रांगेतल्या बायकांजवळ जाऊन बसली आणि आत काय करतात, कुठलं बटण काढायला सांगतात, गार लागतं का, हे सांगू लागली. संस्थेची माहिती देणारी ताई तक्ते घेऊन उभी होती. तिने ते तक्ते हळूच बायकोच्या शेजारी आणून ठेवले.

तीन वाजता गाड्यांचा ताफा आला. साहेबांनी मातृशक्तीवर भाषण केलं, फीत कापली, टाळ्या झाल्या. नेमकं त्याच वेळी दार उघडलं आणि पदर सारखा करत एक बाई बाहेर आली. साहेबांनी तिला पुष्पगुच्छ दिला. 'पहिल्या लाभार्थी' म्हणून तिचा फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. ती फोटोत गोंधळलेली दिसते, कारण त्याच वेळी ती सांगत होती, "पहिली न्हाई, माझ्या आधी लई झाल्या." फोटोत आवाज येत नाही, ही फोटोची सोय आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. कॅन्सर होता. लवकर सापडला, असं डॉक्टरीण म्हणाली. नगरला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. मग किमो. केस गेले तेव्हा मीच मशीन फिरवलं, आणि कानामागे एक बट राहिली म्हणून मला बोलणी खावी लागली. संस्थेची ताई दर आठवड्याला फोन करायची. जेवलात का, उलटी थांबली का विचारायची, रिपोर्टच्या तिसऱ्या ओळीचा अर्थ सांगायची. उपदेश करायची नाही. तिच्यामार्फत काढलेल्या बाजूला आतून घालायची एक कापडी उशी आली, मोहरी भरलेली. बायकोने ती उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाली, "शिवण उसवंल ही," आणि आमच्या मलमलीतून दुसरी शिवली. ती इतकी बरी बसली की संस्थेने तिच्याकडे आणखी मागितल्या. आता महिन्याला काही ठाण मलमल दुकानातून निघते ती फितींपेक्षा जास्त असते.

मधे लेकीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, पत्रिका झाली. बायको डोक्यावर पदर न घेता बसली होती, दोन बोटं उगवलेल्या केसांनिशी. मुलाच्या आईने विचारलं, "आजारी व्हता का?" बायकोने सांगितलं, "कॅन्सर झालता. ऑपरेशन केलं." पाहुणे कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही. त्या संध्याकाळी बायको पहिल्यांदा रडली. लेक ताटं विसळत म्हणाली, "आई, ज्यांना नुसतं ऐकवलं न्हाई, त्यांच्या घरी मी आजारी पडले असते तर?" सोयरीक अजून जमलेली नाही. अप्पा खरे ठरले, हे मान्य करायला मला जड जातं, पण ठरले.

गेल्या महिन्यात ते दुकानात बसले होते. एक बाई ब्लाउजपीस बघायला आली, तिशी-पस्तिशीची, शेतकरी घरातली. बायको काउंटरमागे. बाईने तिच्या केसांकडे दोनदा पाहिलं. अप्पांनी ते टिपलं आणि तिने न विचारताच म्हणाले, "पोटाचं ऑपरेशन झालं सूनबाईचं."

"पोटाचं न्हाई, अप्पा. छातीचं," बायको पीस उलगडत म्हणाली. "कॅन्सर व्हता. हा रंग बघा, धुतल्यावर जात न्हाई."

अप्पांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं, बाई आता उठणार. ती उठली नाही. कापडावरून हात फिरवत राहिली. मग खाली बघतच विचारलं, "आदी दुखत व्हतं का, काकू?"

"न्हाई. दुखत न्हाई, तीच तर खोड हाय त्याची."

बाईने पीसची घडी घातली. मग म्हणाली, "माझी पण दुखत न्हाई."

बायकोने पीस बाजूला सारला आणि तिला मागच्या खोलीत नेलं, जिथे ठाणं ठेवतो. पडदा ओढला. आम्ही दोघे पुरुष गादीवर बसून रस्त्याकडे बघत राहिलो. परत आल्या तेव्हा बाईचे डोळे लाल होते. पण पदर घट्ट खोचलेला होता.

"ती गाडी परत कवा येती?" तिने विचारलं.

"गाडीची वाट कशाला बघता?" बायको म्हणाली. "उद्या मला नगरला जायचंय, माझी तपासणी हाय. साडेसातची एस्टी. माझ्यासंगं चला."

अप्पांना राहवलं नाही. "अगं बाई, आदी घरच्यांना इचारून तर घे."

बाईने पिशवी काखेत मारली, चपला पायात सरकवल्या.

"इचारीन की, अप्पा," ती म्हणाली. "आल्यावर."