आण्णा माझा फोन उचलेनात

फोन आमटीत पडला. उकळत्या आमटीत, आणि तोही ऐन भांडणात.

जर्मनीतल्या माझ्या खोलीत शनिवारी दुपारी मी स्वयंपाक करत होते. चटणीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि फोनवर कोल्हापूरहून आण्णा, म्हणजे माझे वडील. सोमवारी सकाळी आठला त्यांना बायपाससाठी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. मागच्या सोमवारचा दिवस त्यांनी पुढं ढकलला होता, हा दुसरा. आणि हा माणूस म्हणत होता, "गोळ्यांवर भागतंय की. आणखी आठ दिवसांनी बघू."

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, आता थांबू नका, एक झटका आला तर दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळायचा नाही. आई जाऊन चार वर्षं झाली, मी एकुलती एक. मी ओरडले, "आण्णा, गप दाखल व्हा, न्हाईतर माझ्यासारखी वाईट कोण न्हाई!" ओरडताना हात उडाला, डबा कलंडला आणि फोन पातेल्यात गेला.

चिमट्यानं बाहेर काढला, पुसला, आणि डब्यातल्या घनसाळ तांदळात पुरला. आजऱ्याचा तो वासाचा तांदूळ मी बॅगेतले कपडे कमी करून आणला होता, दिवाळीच्या खिरीसाठी. दोन तासांनी फोन उकरून काढला तर काचेच्या आत हळद पसरलेली. बटण दाबदाब दाबलं, काही नाही. चपला अडकवून दुरुस्तीच्या दुकानाकडं पळाले तर त्यानं शटर ओढलेलं. दारावर पाटी, सोमवारी दहाला उघडेल. सोमवारी दहा म्हणजे कोल्हापुरात दुपार. तोवर आण्णा दवाखान्यात तरी असणार, नाहीतर घरी गोळ्या गिळत बसलेले असणार. त्यांना ढकलून दवाखान्यात घालणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

बसून विचार केला. चुलतभावाचा नंबर फोनमध्ये, शेजारच्या काकूंचा फोनमध्ये, इथल्या ऑफिसातल्यांचे सगळे फोनमध्ये. लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर व्हॉट्सॲप वगैरे चालू देत नाहीत. चुलतभावाला ईमेल टाकला, पण तो ईमेल उघडतो वर्षातून एकदा. पाठ असा एकच नंबर होता, आण्णांचा. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर लिहिलेला. म्हटलं, झालं की मग! एक फोन मागायचा आणि लावायचा.

तोवर कोल्हापुरात रात्र झालेली, आण्णा झोपलेले, म्हणून रविवारी सकाळी दहाला खालच्या मजल्यावरच्या आजींचं दार वाजवलं. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्याकडं वायरचा जुना फोन आहे. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमधलं 'वडील' आणि 'हृदय' एवढे दोन शब्द ऐकले आणि त्यांनी खुर्ची ओढून फोन पुढ्यात ठेवला.

नंबर फिरवला. दोनदा रिंग गेली आणि फोन कापला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आण्णा उचलणारच नव्हते, आणि त्याची व्यवस्था मीच करून आले होते.

झालं होतं असं. मागच्या सुट्टीत मी घरी असताना आण्णांना एक फोन आला, तुमच्या मुलीला परदेशात पोलिसांनी पकडलंय. मी आतल्या खोलीत पोहे खात बसले होते. सकाळपासून तीनदा मला बघितलेला हा बापमाणूस थरथरत चप्पल शोधायला लागला! मी तो फोन हिसकावून त्या चोराची अशी काही पूजा बांधली की शेजारी गॅलरीत आले. मग स्केचपेननं मोठ्या अक्षरात कागद लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. अनोळखी नंबर उचलायचा नाही. परदेशातला तर मुळीच नाही. 'मी तुमची मुलगी, माझा फोन बिघडलाय, हा दुसऱ्याचा नंबर' असं म्हणणारा हमखास चोर. आवाज माझा वाटला तरी चोर, कारण आता कॉम्प्युटर आवाज काढतो. आण्णांना ते फारच पटलं. शाहूपुरीत तीस वर्षं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवलेला माणूस, नकली माल ओळखण्यात हयात गेली. तेव्हापासून बँकेतल्या खऱ्या साहेबांचेसुद्धा फोन ते कापतात आणि मला अभिमानानं सांगतात.

पण मीही त्यांचीच पोरगी. परत लावला. कापला. परत लावला. कापला. आजींनी कॉफी आणून ठेवली. मी मनात म्हटलं, कापा किती कापायचा तो, बघू कोण आधी दमतंय. आठव्या का नवव्या वेळी त्यांचा संयम सुटला.

"कोण हाय रं? रविवारी तरी धंदा बंद ठेवा की!"

"आण्णा, मी बोलत्या. माझा फोन बिघडलाय, हा खालच्या आजींचा..."

"आलास मुद्द्यावर? पुढचं मी सांगतो की तुला. पोलिसांनी धरलंय, व्हय न्हवं?" आणि धाडकन ठेवला.

परत लावला. "आण्णा, ठेवू नका! आईची शपथ!"

"शपथ घालायला तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझा बाप तुम्हीच हाय! फोन आमटीत पडला काल, तुमच्याशी बोलताना!"

"आमटीत? आरं, थाप तरी बरी मार की. पाण्यात पडला म्हण, चोरीला गेला म्हण. आमटीत!"

पण या वेळी ठेवला नाही. गिऱ्हाईक चुकीचा पार्ट घेऊन आलं की आण्णा त्याला हाकलायचे नाहीत, आधी त्याची मजा घ्यायचे. तसा स्वर लागला होता. मी तेवढ्यावर चिकटून बसले.

"विचारा काय विचारायचं ते," मी म्हणाले.

"आमच्या दुकानाचं शटर कुठल्या बाजूला अडकायचं?"

"उजव्या. खालनं लाथ घातल्याशिवाय उघडायचं न्हाई."

"ते अख्ख्या शाहूपुरीला ठाव हाय. माझ्या पोरीला नववीत गणितात किती पडले?"

"बारा. आणि तुम्ही आईला बावीस सांगितलासा."

"हे तिनं मैत्रिणींना सांगितलं आसंल." पण आवाज जरा खाली आला होता. नंतर बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. जिन्यात दम लागल्यासारखा, तुटका. बसल्या जागी त्यांना असा दम लागतो हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओवर ते पाच मिनिटं ताठ बसून दाखवायचे.

मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "बरं. एकच सांग. माझ्या ऑपरेशनला तू येणार हाईस न्हवं?"

'येत्या, येत्या, तिकीट बघत्या' असं मी त्यांना गेले दोन आठवडे सांगत होते, आणि ते खोटं होतं. माझी इथं राहायच्या परवान्याची कागदं कचेरीत अडकली होती. ती हातात नसताना देश सोडला तर परत आत घेणार नव्हते, म्हणजे नोकरी गेली, सगळं गेलं. हे कळून दोन आठवडे झाले होते. आण्णांना धक्का बसेल, खचतील, म्हणून सांगितलं नव्हतं. आताही वाटलं, 'हो, निघालेच' म्हणावं. उद्या एकदा दाखल होऊ देत, पुढचं पुढं. जिभेवर आलं होतं. पण तो श्वास ऐकून खोटं बोलायला तोंड उघडेना.

"न्हाई आण्णा," मी म्हणाले. "मला येता येत न्हाई. परवान्याची कागदं मिळाली न्हाईत. मला आधीच ठाव हुतं. मी खोटं बोलले."

आजी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मग तू माझीच पोरगी," आण्णा म्हणाले. "चोर असता तर म्हणाला असता, विमानात बसतोय."

मला हसू आणि रडू एकदम आलं. नाक पुसत मी म्हणाले, "मग जाणार न्हवं उद्या? आता हट्ट करू नका आण्णा, पाया पडत्या तुमच्या."

ते दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला दाखल झाले, ऑपरेशन नीट पार पडलं, आणि आज ते जिना चढून उतरतात, हे इथंच सांगून टाकते. कारण त्या रविवारी मी आजींच्या स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले ती ऑपरेशनच्या काळजीनं नव्हे, त्यांच्या पुढच्या बोलण्यानं.

"जातो की. जायला मी कवा न्हाई म्हणालोतो? तू 'येत्या' म्हणालीस म्हणून दिवस ढकलत हुतो. म्हटलं, एकडाव पोरीला बघावं आणि मग झोपावं टेबलावर. आधी सांगायचंस की गं. मागच्या सोमवारीच गेलो असतो."