भास्करमामांचा पाहुणचार

भास्करमामा आमच्या आईचे मावसभाऊ आणि बडोद्यातल्या एका फुटबॉल मंडळाचे मानद सचिव. बॉलला त्यांनी जन्मात पाय लावलेला नाही. हात लावतात, तोही उद्घाटनाच्या फोटोपुरता. त्यांचे आजोबा संस्थानात कारकून होते. मामांच्या तोंडून ऐकलं तर दिवाणच वाटावेत. या माणसाने फुटबॉलसाठी काय केलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, शाली वाटल्या.

त्यांच्या घरचा एक नियम साऱ्या नातेवाइकांना पाठ आहे: पाहुण्याला हरवून पाठवायचं नाही. जावई पत्ते खेळायला बसला की मामा हातातला एक्का दाबून ठेवतात, आणि हरल्यावर इतके खूश होतात की त्या बिचाऱ्याला आपण खरंच हुशार आहोत असं वाटतं. लोक याला खानदानी रीत म्हणतात. मला लहानपणापासून ही लबाडीच वाटत आली आहे.

मागच्या हिवाळ्यात एका चिमुकल्या बेटाचा महिला राष्ट्रीय संघ सरावासाठी गुजरातेत आला. बडोद्यातल्या आमच्या गोरवा भागात जितकी माणसं राहतात तितकी त्या अख्ख्या देशात नसतील. कुणी शाळेत शिकवते, कुणी मासळी विकते, आणि उरलेल्या वेळात त्या देशासाठी खेळतात. सलग चौदा सामने हरून आल्या होत्या. त्यांचा एक सामना आमच्या बडोद्याच्या संघाशी ठरला. आमची गोलकीपर मी.

मी वाघोडियाच्या एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंग करते. आज आहे, उद्या नाही, अशी नोकरी. सामना बघायला रेल्वेच्या महिला संघासाठी खेळाडू निवडणारे साहेब येणार होते. त्यांना एकच गोलकीपर हवी होती, आणि वयाच्या अटीत माझं ते शेवटचं वर्ष होतं. आठवडाभर मला धड झोप नव्हती.

सामना चारचा. मामांनी दीड वाजता पाहुण्यांना श्रीखंड-पुरीच्या ताटावर बसवलं. 'अजून एक, माझ्यासाठी एक' करत त्यांच्या कप्तानने हात जोडेपर्यंत वाढत राहिले. मग मैदानावर सत्कार: सगळ्यांना शाली, सगळ्यांना नारळ, वर मामांचं भाषण आणि भाषणात आजोबा. खेळ सुरू झाला तेव्हा पाच वाजत आले होते. त्या मुली पोट धरून पळत होत्या, पण पळत होत्या. मी त्यांचे चार चांगले फटके अडवले. एकदा तर साहेब खुर्चीतून उठून उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले.

आम्ही एका गोलने पुढे होतो. दहा मिनिटं उरली तेव्हा छातीवर बिल्ला लावलेले मामा माझ्या गोलमागे येऊन उभे राहिले.

"नीरजा, एक जाऊ दे ने."

"काय जाऊ दे?"

"गोल. पाहुण्या आहेत गं. इथूनही हरून गेल्या तर बडोद्याला शोभतं का?"

"मामा, ते साहेब बघतायत."

"त्यांना मी सांगतो बराबर. माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते."

मामांच्या शब्दाला किती वजन आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी ऐकलं. मोठ्यांना नाही म्हणायची सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर शिफारशीचा लोभही सुटला. कप्तानने लांबून मारलेला बॉल सरपटत आला. शाळेतल्या पोरीनेही धरला असता. मी मुद्दाम उशिरा वाकले आणि तो माझ्या हाताखालून गेला.

टाळ्या एकट्या मामांनी वाजवल्या. कप्तान नाचली नाही, हसली नाही. तिने जाळ्यातून बॉल काढला, माझ्या हातात दिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "चौदा वेळा हरलो आम्ही. असा अपमान कुणी केला नव्हता."

मला तिच्याकडे बघवलं नाही. सामना बरोबरीत सुटला. निरोपाच्या वेळी मामा सगळ्यांना सांगत होते, "बघा, दोन्ही बाजू खूश!"

रेल्वेने दुसरीच मुलगी घेतली. दोन आठवड्यांनी मामा घरी आले. आईने चहा आणि बेसनाचा लाडू पुढे ठेवला आणि भीत भीत विचारलं, "भास्कर, नीरजाचं बोलला होतास का रे त्या साहेबांशी?"

"बोललो ने! त्यांनी स्वतःहूनच विचारलं मला," मामा लाडू संपवत म्हणाले. "पण आपल्या घरची मुलगी, खोटं कसं सांगणार? म्हटलं, चांगली आहे हो, फक्त ऐन वेळी हात कचरतो तिचा."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. नाटक करत असते तर निदान अक्कल तरी दिसली असती.

आईने सवयीने त्यांच्या बशीत दुसरा लाडू ठेवला. मामांनी हात पुढे केला. मी बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.