पाच राउंड मारून या!

शाळेतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. तुम्ही फक्त पीटी टीचर व्हा, ते आपोआप अंगावर येऊन आदळतात! कोलकात्याच्या बेहाला भागातल्या एका इंग्लिश मीडियम शाळेत मी इतकी वर्षं शिट्टी वाजवतेय, की आता घरी भाजी निवडायला बसले तरी एखादा आठवतो आणि डोकं फिरतं. नवरा म्हणतो, "विद्या, मेथीवर राग काढू नकोस." मग कोणावर काढू? तुम्ही सापडलात, आता ऐका.

त्यात यंदा एक ताजं दुखणं होतं. आमच्या नववीला आठवड्यातून पीटीचा एकच तास उरला होता, आणि गणितवाल्यांचा त्यावर डोळा. त्या वर्गात तिथी नावाची मुलगी आहे. वडील शिंपी, घर अरुंद गल्लीत. शाळा सुटली की ट्यूशन, मग धाकट्या भावाला सांभाळणं. गल्लीत धावली तर लोक बघतात म्हणून आई ओरडते. थंडीत आंतरशालेय स्पर्धेत तिला चारशे मीटर धावायचं होतं, आणि सरावाला हा एकच तास. तो गेला की तिचं धावणं संपलं. आता सांगा, मी चिडू नको तर काय करू?

* * *

मला ही नोकरी आवाजावर मिळाली. इंटरव्ह्यूत कोणी विचारलं नाही की मुलांना काय शिकवाल. "जरा 'अटेन्शन' म्हणून दाखवा," म्हणाले. मी म्हटलं. शेजारच्या खोलीतला क्लार्क उभा राहिला. झालं, सिलेक्शन!

तेव्हापासून नखं तपासा, केस तपासा, रांगा लावा, फंक्शनला खुर्च्या मांडा. एकदा एका पाहुण्यांनी मला विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी कौतुकाने सांगितलं, "शी कीप्स देम क्वाएट!"

मुलांना हलवायला ठेवलेली बाई मी! आणि माझं काम काय, तर त्यांना गप्प बसवणं!

* * *

पाचवीच्या मुलांना मी आधी पडायला शिकवते. हसू नका. हात ताठ टेकून पडलं की मनगट मोडतं. खांदा आत घ्यायचा, अंग गोल करायचं आणि लोळायचं. ज्याला पडता येतं त्याची भीती जाते, आणि भीती गेली की तो पळतो, उड्या मारतो, झाडावर चढतो. माझ्या मते पीटीचा अर्धा अभ्यासक्रम एवढाच आहे.

एकदा असाच तास घेतला, तर दुसऱ्या दिवशी एक आई तणतणत आली. "मिस, तुम्ही आमच्या बाबूला पाडता?"

"पाडत नाही. पडायला शिकवते."

"पडायला शिकवायचं कशाला? ते काय कोणालाही येतं!"

बोलता बोलता रागाने वळल्या आणि गेटच्या पायरीवरून घसरल्या. कशा पडल्या? हात ताठ टेकून! बाबू बाजूलाच उभा होता. म्हणाला, "मा, खांदा आत घ्यायचा!"

* * *

आमच्या मैदानावर पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, क्लबची दुर्गापूजा होते. होऊ दे की! पूजेला मीपण नवी साडी नेसून चार चार तास मंडपात असते. पण मंडप सुटला की बांबूंचे खड्डे तसेच राहतात. त्यावर गवत येतं, पालापाचोळा पडतो, आणि मुलं धावतात ती सरळ त्यात.

एका पोराचा घोटा मुरगळला. मी क्लबच्या सेक्रेटरींना गाठलं. "दादा, दोन गाड्या माती टाका, खड्डे बुजवा."

"आता बुजवून काय करता दीदी? पुढे कालीपूजा आहेच!"

कालीपूजा झाली. पुन्हा गेले. म्हणाले, "आता जगद्धात्री." ती झाली. "आता सरस्वतीपूजा किती लांब आहे?"

तळपायाची आग मस्तकात गेली. प्रिन्सिपल मॅडमकडे तक्रार केली. त्यांनी मात्र तत्काळ कारवाई केली. दुपारच्या आत नोटीस लागली: मुलांनी मैदानात धावू नये.

* * *

हे फक्त बंगाल्यांचंच आहे असं समजू नका. आपली माणसं काही कमी नाहीत. पुण्याहून बदली होऊन आलेले एक बँकेतले साहेब आहेत, न्यू टाउनला राहतात. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला आले होते. पानं वाढेपर्यंत मला सांगत होते, रोज पहाटे जिम, वेगळा ट्रेनर, फिटनेस इज मस्ट.

"आणि मुलगी काय खेळते?" मी विचारलं.

"छे हो विद्याताई! तिला पीटीतून सूट मिळवून दिलीय. ओळखीच्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं. तेवढाच अभ्यासाला वेळ. पीटी म्हणजे टाइमपासच ना शेवटी?"

हे मला सांगतात! मला!

पंगत बसली. अकरा वर्षांची ती पोर खाली बसायला गेली आणि अर्ध्यातच अडकली. "बाबा, माय नीज आर हर्टिंग!" तिला मांडीच घालता येईना. साहेब उठले, आतून खुर्ची आणली, लेकीला बसवलं आणि मला म्हणाले, "बघा, म्हणून सांगत होतो. तब्येतच नाजूक आहे तिची."

* * *

गेल्या वर्षीचा स्पोर्ट्स डे. महिनाभर सराव कशाचा? मार्च पास्टचा. पाहुण्यांसमोर मान उजवीकडे कशी वळवायची याचा. प्रत्यक्ष दिवशी पाहुणे उशिरा आले. मग शाल, फुलं, मिठाईचा डबा, भाषण, दुसऱ्याचं भाषण, पहिल्याच्या भाषणाचे आभार. माझ्या हातात शिट्टी, आणि मुलं उन्हात ताटकळत उभी.

शेवटी मुलींची चारशे मीटरची फायनल राहिली. तिथी आपल्या लेनमध्ये वाकून तयार होती, बोटं रेषेला टेकलेली. तेवढ्यात माइकवर घोषणा झाली: वेळेअभावी पुढील शर्यत रद्द, आता राष्ट्रगीत.

तिथी सरळ उभी राहिली. राष्ट्रगीत म्हटलं. मग माझ्याकडे आली. "मिस, मी तयार होते."

"माहितेय मला."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

सांगितलं होतं. दोनदा.  घरी जाऊन मी किती रडले ते माझं मला ठाऊक.

* * *

आता देबाशिषदांचं ऐका. हे नववीचे गणिताचे सर. माणूस वाईट नाही, पण माझा तास म्हणजे त्यांना रिकामी खुर्चीच वाटते. एकदा स्टाफरूममध्ये आले नि म्हणाले, "विद्यादी, आज तुमचा पीरियड... मी... घेऊ का? तुमचं... काय... अडतंय?"

हे एवढं अडखळत का? संकोच नव्हता हो! दोन जिने चढून आले होते!

त्यांची आणखी एक पद्धत. वर्गात कोणी बडबडलं की हुकूम: "खाली जा, पाच राउंड मारून ये!" आणि कोणाचा गृहपाठ राहिला की: "तुझा आजचा पीटी बंद!" मी स्टाफ मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, "एकदा काय ते ठरवा. धावणं ही शिक्षा आहे की न धावणं?"

प्रिन्सिपल मॅडम गंभीर झाल्या. थोडा विचार केला. म्हणाल्या, "ते केस टू केस बघू."

आणि त्याच मीटिंगमध्ये नववीचा पीटीचा तास गणिताला देऊन टाकला! मी भांडले. तिथीच्या स्पर्धेचं सांगितलं. मुलांचा दम, पाठ, झोप, सगळं सांगितलं. आवाज चढला तशा मॅडम म्हणाल्या, "विद्या, आवाज असेंब्लीसाठी ठेव." कोणीतरी हसलं. मी बाहेर आले ती दार आपटूनच.

तिथीला मीच सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मग मी कुठे धावू, मिस?"



* * *

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. तोच वार, तोच तास, फक्त आता गणिताचा. मी मैदानावर एकटीच चुन्याने लेन आखत होते. आखायला कोणी सांगितलं नव्हतं, पण हात स्वस्थ बसेनात. बघते तर जिन्यावरून अख्खी नववी खाली उतरतेय! एका रांगेत, तोंडातून अवाक्षर नाही. मागून देबाशिषदा, लालबुंद.

"विद्यादी, यांच्याकडे बघा जरा! एकानेही गृहपाठ केलेला नाही! एकानेही! अहो, अरुणिमानेसुद्धा नाही!"

अरुणिमा म्हणजे पहिल्या बाकावरची, दरवेळी गणितात पहिली येणारी, पुढच्या धड्याची गणितं आधीच सोडवून ठेवणारी मुलगी. ती मान खाली घालून उभी होती. मीही खाली पाहिलं. गणिताच्या तासाला काळे बूट लागतात. अरुणिमाच्या पायात पांढरे केड्स होते, पीटीचे कॅनव्हासचे बूट. तिच्या शेजारच्या मुलीच्याही. मग मी सगळी रांग बघत गेले. सगळ्यांच्याच पायात पांढरे केड्स! नाड्या डबल गाठ मारून बांधलेल्या.

देबाशिषदांचं लक्ष नव्हतं. "बंद करायला आता पीटीच उरला नाही, म्हणून पाच राउंड!" ते ओरडले. "दया दाखवू नका, विद्यादी!"

मी म्हटलं, "नाही दाखवत," आणि शिट्टी मारली.

तिथी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. मी वाऱ्याच्या बाजूला उभी राहून ओरडत होते, "खांदे सैल! श्वास सोड! वळणावर आत!" मागून सगळा वर्ग धापा टाकत येत होता. अरुणिमाला धावता येत नाही, पण तीही थांबली नाही. पाच राउंड झाले. देबाशिषदा सावलीतून पुढे आले, हात वर केला. "बस! झाली शिक्षा! चला वर!"

तिथी त्यांच्या समोरून गेली. वेग कमी न करता, मानसुद्धा न वळवता ओरडली,

"सर, सायन्सचा गृहपाठ पण नाही केला!"